गोव्याची बस: अवे मॅचसाठी क्लबकडे नेमकं काय मागायचं?

प्रश्न असा आहे: "आम्ही कळवा, ऐरोली, नेरूळ आणि ठाण्यातले मिळून चाळीसेक जण मुंबई सिटी या फुटबॉल क्लबच्या मॅच बघायला जातो. निम्मे अजून कॉलेजात आहेत. या वेळी बस करून फातोर्ड्याला, म्हणजे मडगावच्या स्टेडियमवर, एफसी गोवाविरुद्धच्या मॅचला जायचं ठरतंय. परदेशात क्लब अवे मॅचला, म्हणजे समोरच्या संघाच्या मैदानावरच्या मॅचला, जाणाऱ्या चाहत्यांना पैसे देतात असं ऐकलं. आपण मागितले तर मिळतील का? किती मागावेत, आणि कसे?"

मागता येतं, आणि मागायलाच हवं. फक्त रोख रक्कम मागू नका. तिकिटांचा पक्का कोटा मागा, फोन उचलणारा एक माणूस मागा आणि बसमध्ये ज्या सीट रिकाम्या राहतील त्यांची हमी मागा. यात क्लबचा खर्च बेताचा होतो आणि तुमचं नव्वद टक्के काम भागतं. असं का म्हणतो ते जरा सविस्तर लिहितो.

मी नौपाड्यात बस बुकिंगचं काम करतो. लग्नाची वऱ्हाडं, शाळांच्या सहली, अष्टविनायक, हे रोजचं. 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई सिटीचं घरचं मैदान नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम होतं. ठाण्याहून पोरांना घेऊन पहिली बस तिथे नेली, आणि तेव्हापासून फुटबॉलच्या चाहत्यांच्या फेऱ्या करतो आहे. मधले तीन हंगाम एका क्लबसाठी चाहत्यांच्या संपर्काचं कामही पाहिलं. त्यामुळे मागणाऱ्यांची बाजू माहीत आहे, आणि मागणीचं पत्र टेबलावर आल्यावर समोरचा माणूस काय विचार करतो तेही माहीत आहे.

आधी परदेशाचं. "क्लब पैसे देतात" हे जे ऐकलंत ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त कामाचं आहे.

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचा नियम आहे की यजमान क्लबने पाहुण्या क्लबला 3,000 तिकिटं द्यायची, किंवा मैदान लहान असेल तर एकूण क्षमतेच्या 10 टक्के. ही तिकिटं पाहुणा क्लब आपल्या चाहत्यांना स्वतः विकतो. म्हणजे लिव्हरपूलचा माणूस लंडनला निघतो तेव्हा आपल्याला आत सोडतील का, ही धाकधूक त्याच्या पोटात नसते. सगळा डोलारा या एका नियमावर उभा आहे. एफए कप या तिथल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत तर पाहुण्यांचा वाटा 15 टक्क्यांपर्यंत जातो. युरोपीय स्पर्धांमध्ये युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, तो 5 टक्के ठेवलाय.

तिकिटांच्या किमतीचं भांडण नंतर पेटलं. जानेवारी 2013 मध्ये आर्सेनलच्या मैदानावर मँचेस्टर सिटीच्या चाहत्यांसाठी तिकीट होतं 62 पौंडांचं. सिटीच्या वाट्याच्या तिकिटांपैकी नऊशेहून जास्त न विकता परत गेली. एवढ्या मोठ्या मॅचला पाहुण्यांच्या स्टँडमध्ये मोकळ्या खुर्च्या दिसल्या आणि चाहत्यांच्या संघटनांनी अवे तिकीट 20 पौंडांवर आणण्याची मोहीम उघडली. त्याच वर्षीच्या हंगामापासून लीगने एक निधी काढला: प्रत्येक क्लबने हंगामाला किमान 2,00,000 पौंड अवे चाहत्यांसाठी वापरायचे. वीस क्लब, तीन हंगाम, मिळून 1 कोटी 20 लाख पौंड. कुणी त्यातून तिकिटं स्वस्त केली, कुणी बसचं भाडं कमी केलं, कुणी आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा स्टँड नीटनेटका केला. 2016-17 पासून मग सरळ मर्यादाच घातली: अवे तिकीट 30 पौंडांच्या वर नाही. ही मर्यादा आधी तीन हंगामांसाठी होती, पुढे पुन्हा पुन्हा वाढवत नेली. युएफानेही तोच मार्ग धरला. चॅम्पियन्स लीगच्या अवे तिकिटाची कमाल किंमत 2024-25 मध्ये 60 युरो होती, पुढच्या हंगामात ती 50 वर आणली.

यात एक गोष्ट बघा. चाहत्याच्या हातात नोटा कुणीच ठेवल्या नाहीत. पैसा गेला तो तिकिटाच्या किमतीत आणि बसच्या सीटमध्ये. कारण उघड आहे. सीटचा हिशेब लागतो, तिच्यावर बसलेला माणूस मोजता येतो आणि पुढच्या वर्षी तोच खर्च संचालकांपुढे मांडता येतो.

रोख परत मिळाल्याची उदाहरणं आहेत, पण ती फजितीनंतरची. ऑक्टोबर 2014 मध्ये संडरलँड साउदॅम्प्टनकडून 8-0 ने हरला. इंग्लंडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या आपल्या चाहत्यांचे तिकिटाचे पैसे खेळाडूंनी स्वतःच्या खिशातून भरून दिले. एप्रिल 2023 मध्ये टॉटनहॅमच्या खेळाडूंनी न्यूकॅसलमधल्या 6-1 च्या पराभवानंतर तेच केलं. मालकाने हात सैल सोडल्याचंही उदाहरण आहे: 2021 च्या चॅम्पियन्स लीग फायनलला, पोर्तोला, जाणाऱ्या मँचेस्टर सिटीच्या चाहत्यांच्या अधिकृत प्रवासाचा खर्च शेख मन्सूर यांनी उचलला. चांगल्याच गोष्टी आहेत या. पण त्यांच्यावर तुमच्या बसचं गणित बसवता येत नाही. मनात आलं तर मिळणारी मदत आणि ठरलेली मदत यांत फरक आहे, आणि फातोर्ड्याला जायचं तर ठरलेली मदत हवी.

ठरलेली मदतही कायमची नसते. चेल्सी आपल्या चाहत्यांना अवे मॅचला 10 पौंडांत बसने न्यायचा. 2023 मध्ये ते अनुदान बंद करायचं ठरलं. हंगामाला साधारण अडीच लाख पौंडांचा खर्च होता, खेळाडूंच्या खरेदीवर त्याच्या कित्येक पट रक्कम मोजणाऱ्या क्लबसाठी ती किरकोळच. चाहते खवळले आणि त्या हंगामापुरती तरी क्लबला माघार घ्यावी लागली. यातून मी घेतलेला धडा असा: जी मदत मागाल ती अशी मागा की क्लबचे दिवस वाईट आले तरी ती सर्वांत शेवटी कापली जावी.

जर्मनीचा नमुना मला सर्वांत जवळचा वाटतो. तिथे 'फॅनप्रोजेक्ट' नावाची केंद्रं आहेत. पहिलं 1981 मध्ये ब्रेमेनला निघालं. फुटबॉलचा तरुण चाहता हा समाजकार्याचा विषय आहे असं मानून ही केंद्रं चालतात. त्यांचा खर्च फुटबॉल संघटना आणि सरकारी तिजोरी मिळून उचलतात, आणि नेमलेले सामाजिक कार्यकर्ते तिथे पगारावर असतात. ही केंद्रं अठरा वर्षांखालच्या मुलांना अवे मॅचला घेऊन जातात. दारू नाही, सिगारेट नाही, सोबत जबाबदार मोठी माणसं, आणि भाडं पोरांना परवडेल एवढं. पालक निश्चिंत. तुमच्यात निम्मे विद्यार्थी आहेत असं लिहिलंत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. त्याच्याकडे परत येईन.

शिवाय युएफाने 2012-13 पासून युरोपीय स्पर्धांत खेळायच्या लायसन्ससाठी अट घातली की प्रत्येक क्लबने चाहत्यांच्या संपर्कासाठी एक अधिकारी नेमायचा. हा माणूस समोरच्या क्लबमधल्या आपल्यासारख्याच माणसाशी आधी बोलतो: गेट कोणतं, बस कुठे लावायची, ढोल चालेल का, झेंड्याची काठी किती लांब. दोन फोन आणि एक ईमेल. याने जेवढे वाद टळतात तेवढे पैशाने टळत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

आता आपल्याकडे या. आपल्याकडची अंतरं फार आहेत. इंग्लंडमधला चाहता दुपारची मॅच बघून बहुतेक वेळा रात्री आपल्या अंथरुणात असतो. आपल्याला बंगळुरू म्हणजे कल्याणहून उद्यान एक्सप्रेसमध्ये जवळजवळ अख्खा दिवस. कोलकात्याला त्याहून जास्त. त्यातल्या त्यात गोवाच जवळ, म्हणून ठाणे-नवी मुंबईच्या चाहत्याची पहिली अवे मॅच बहुधा फातोर्डाच असते. त्यात नेरूळचा मुक्काम सुटून क्लब 2016 मध्ये अंधेरीला गेल्यापासून आपल्या भागातल्या लोकांना घरची मॅचही प्रवासच झाली आहे: सेंट्रलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, आणि मॅच संपल्यावर घड्याळाकडे बघत उलटी धावपळ. जर्मनीतल्या बऱ्याच शहरांत मॅचच्या तिकिटावरच शहरातली ट्रेन-ट्राम फुकट असते. आपल्याकडे तशी सोय झाली तर कळव्याच्या पोराचा हंगामाचा बराच खर्च वाचेल. पण आज तो विषय नाही.

गोव्याला ट्रेन की बस? जायला ट्रेन उत्तम. मांडवी सकाळी ठाण्याला, मग पनवेलला थांबते आणि संध्याकाळी मडगावात सोडते. खरी अडचण परतीची. लीगच्या बऱ्याच मॅच संध्याकाळी साडेसातला सुरू होतात आणि साडेनऊच्या सुमारास संपतात. तोवर कोकणकन्या मडगावातून निघून गेलेली असते, आणि मांडवीसाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडावी लागते. म्हणजे एका रात्रीचं लॉज आणि दुसरा दिवस प्रवासात. नोकरीवाल्याची दोन दिवस सुट्टी, विद्यार्थ्याचे दुप्पट पैसे. शिवाय नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि एका पीएनआरवर सहाच माणसं बसतात. चाळीस जणांसाठी सात तिकिटं काढायची, वेगवेगळ्या खात्यांवरून, आणि तीही मॅचची तारीख पक्की असेल तर. टीव्हीच्या वेळापत्रकासाठी तारीख हलते. 2025 च्या जुलैमध्ये तर पुढचा सगळा हंगामच थांबवल्याचं जाहीर झालं. ज्यांनी आशेवर तिकिटं काढली असतील त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. म्हणून चाळीस जणांसाठी माझं मत बसच्या बाजूने. मॅच संपली की सीटवर बसायचं, सकाळी कळंबोलीला डोळे उघडायचे.

बसवाल्याशी बोलताना एक अट लिहून घ्या: मॅचची तारीख बदलली तर ॲडव्हान्स बुडणार नाही, नव्या तारखेला वळता होईल. चांगला मालक मान्य करतो. जो करत नाही त्याच्याकडे जाऊ नका.

आता पैशांचं गणित. आकडे उदाहरणादाखल घेतोय, भाडं हंगामाप्रमाणे वर-खाली होतं. समजा टोल, परमिट, दोन ड्रायव्हर सगळं धरून बस 60,000 रुपयांत ठरली आणि सीट 45 आहेत. माणशी 1,350 ठेवले की भरलेल्या बसचे 60,750 जमतात, हिशेब बसला. पण बस भरत नाही. पंचेचाळीस जण 'हो' म्हणतात, आदल्या आठवड्यात कुणाची परीक्षा निघते, कुणाच्या घरी आजारपण, आणि निघायच्या रात्री पस्तीस उभे असतात. जमले 47,250. खड्डा 12,750 रुपयांचा. तो कोण भरतो? ज्याने पुढाकार घेतला तो. मी किती तरी हौशी मुलं बघितली आहेत, दोन-तीन वेळा स्वतःच्या पगारातून हा खड्डा भरला आणि मग अवे मॅच काढायचंच सोडलं. ग्रुप बंद पडतात ते महागाईने नाही. एका माणसाच्या खांद्यावर रिकाम्या सीटचं ओझं पडतं, त्याने बंद पडतात.

म्हणून क्लबकडे मागायची ती रिकाम्या सीटची हमी. "दहा सीटपर्यंत रिकाम्या राहिल्या तर त्यांचे 1,350 प्रमाणे पैसे क्लब थेट बसमालकाला देईल." बस भरली तर क्लबचा खर्च शून्य. नाही भरली तरी जास्तीत जास्त 13,500. याउलट तुम्ही प्रत्येकी 500 रुपये अनुदान मागितलंत तर भरलेल्या बसमागे क्लबला 22,500 मोजावे लागतात, आणि दहा जण गळाले तर तुमचा खड्डा बऱ्यापैकी तसाच राहतो, कारण अनुदान आलेल्या माणसांचं मिळणार, न आलेल्यांचं नाही. हमीचा आकडा मार्केटिंगच्या माणसाला पटकन समजतो. मी त्या खुर्चीत होतो तेव्हा असं पत्र आलं असतं तर त्याच दिवशी सही घेऊन आलो असतो. येत होती ती पत्रं अशी: "क्लबने चाहत्यांसाठी काहीतरी करावं ही नम्र विनंती." काहीतरी म्हणजे काय, ते न कळल्यामुळे फाइल पडून राहायची.

हमीसोबत, जर्मनीच्या धर्तीवर, दुसरी एक छोटी मागणी जोडा. पहिल्यांदाच अवे मॅचला येणाऱ्या दहा विद्यार्थ्यांना अर्धं भाडं, उरलेलं क्लबकडून. 675 गुणिले 10, म्हणजे 6,750. हमी पूर्ण वापरली गेली तरी दोन्ही मिळून 20,250. भरलेल्या बसच्या सरसकट अनुदानाहून कमी, आणि बस काहीही झालं तरी निघणार. कुणाला अर्धं भाडं, हे मात्र मैत्रीवर ठरवू नका. इंग्लंडमध्ये बरेच क्लब अवे तिकिटं पॉइंटवर देतात, ज्याने जास्त मॅच केल्या त्याचा नंबर आधी. तुम्ही या दहा जागांसाठी उलटं करा: घरच्या निदान पाच मॅचला आलेला, पण बाहेर कधीच न गेलेला. यादी ग्रुपवर सगळ्यांना दिसू द्या.

हे आपल्याला नवीन नाही. पंढरीच्या वारीत दिंडी चालते ती अशीच. वारकरी भिशी भरतो, सामानाचा ट्रक दिंडीचा असतो, मुक्कामाचं जेवण गावोगावचे अन्नदाते घालतात, आणि ज्याला भिशी झेपत नाही त्यालाही कुणी मागे ठेवत नाही. चालतो तो स्वतःच्या पायांनी, पण उपाशी आणि एकटा पडत नाही. चाहत्याने आपलं भाडं भरावं या मताचा मी आहे. भाडं भरलेला माणूस स्टँडमध्ये स्वतःच्या हक्काने ओरडतो, उद्या संघव्यवस्थापनावर टीका करायची वेळ आली तर त्याचं तोंड बांधलेलं नसतं. ठाण्यातल्या दहीहंडीत आपण बघतोच, टी-शर्ट आणि गाडी ज्याची, त्याचंच नाव पाठीवर आणि ओठांवर. गोविंदांना त्याचं काही वाटत नसेल, पण चाहत्यांच्या ग्रुपने आपला आवाज विकू नये असं मला मनापासून वाटतं. रोख न मागण्याचं हे माझं दुसरं कारण.

तिकिटांची गोष्ट पैशांच्या आधी ठरवा. माझ्या एका फेरीत एका क्लबच्या कार्यालयाने पन्नास तिकिटांचा शब्द तोंडी दिला होता. बस सावंतवाडी ओलांडून गेल्यावर फोन आला की तीसच आहेत. वीस जणांना स्टेडियमबाहेर मिळतील त्या तिकिटांवर यजमानांच्या स्टँडमध्ये बसावं लागलं, जर्सीवर दुसरा शर्ट चढवून, गोल झाला तरी हात मांडीखाली दाबून. काही वाईट घडलं नाही, गोव्याची माणसं फुटबॉल जाणणारी आणि मोठ्या मनाची आहेत. पण परतीच्या वाटेवर ते वीस जण गप्प होते. त्या दिवसापासून माझा नियम आहे: तिकिटांची संख्या, स्टँडचं नाव आणि गेट लेखी आल्याशिवाय बसचा ॲडव्हान्स द्यायचा नाही. आपल्या क्लबला सांगा की त्यांनी यजमान क्लबशी बोलून हे ईमेलवर मिळवून द्यावं. त्याच ईमेलमध्ये ढोल, ताशा, बॅनर आणि काठ्यांचं विचारून घ्या. गेटवर सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत घालून ढोल आत जात नाही. मोबाइलवर दाखवलेल्या ईमेलने जातो.

पत्र एका पानाचं असू द्या. मॅच, तारीख, किती जण, त्यांत विद्यार्थी किती, मुली किती, बसचं कोटेशन जोडलेलं, वर सांगितलेल्या मागण्या, आणि खाली दोन जणांचे फोन नंबर. तुम्ही बदल्यात काय देणार तेही लिहा: यादी आधी देऊ, बसमध्ये दारू नसेल, हिशेब देऊ. क्लबला भीती पैशांची कमी आणि उद्या पेपरात येणाऱ्या बातमीची जास्त असते. ती भीती तुम्हीच घालवलीत की निम्मं काम झालं.

दारूचं नुसतं पत्रात लिहून भागणार नाही, खरोखर पाळावं लागतं. गोव्याहून परतताना बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे. एकाच्या बॅगेत गोव्याची बाटली निघाली की अख्खी बस बाजूला घेतात, आणि रात्री बाराला चाळीस माणसं रस्त्यावर उभी. निघतानाच सगळ्यांसमोर सांगा, आणि मडगावहून बस सुटण्यापूर्वी पुन्हा सांगा.

सुरक्षेवर मी एक पैसाही वाचवू देत नाही. मार्च 2022 मध्ये फातोर्ड्याला लीगची फायनल होती. केरळा ब्लास्टर्सचे दोन तरुण चाहते ती बघायला मोटरसायकलवरून निघाले आणि केरळातच कासरगोडजवळ ट्रकच्या धडकेत गेले. दोघांची आठवण आली की आजही पोटात कालवतं. म्हणून हात जोडून सांगतो, पैसे वाचवायला बाइकवरून गोव्याला जाऊ नका, आणि ग्रुपमधला कुणी निघत असेल तर त्याला बसमध्ये बसवा, भाड्याचं नंतर बघू. अशाच पोरांसाठी ते अर्धं भाडं मागायचं आहे.

बस घेताना पिवळ्या पाटीचीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण भाड्याने माणसं नेण्याचं तिला परमिट नसतं आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. ऑल इंडिया परमिट, फिटनेस आणि विमा यांचे फोटो मोबाइलवर मागवून तारखा बघा. ठाण्याहून मडगाव सहाशे किलोमीटरच्या आसपास, आणि महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चाललेलं. माणगावात अडकलात तर तास-दीड तास तिथेच. म्हणून ड्रायव्हर दोन हवेत, आणि दुपारी बस स्टेडियमला लागली की दोघांना झोपायला खोली हवी. मॅच चालू असताना ड्रायव्हर जागा राहिला तर तो तुम्हाला रात्री अडीचला कणकवलीच्या पुढे घेऊन जाताना डुलक्या काढणार. त्या खोलीचे पैसे भाड्यातच धरा.

आमच्या बसमध्ये मुली यायला लागल्या तेव्हा थांबे बदलले. आता हॉटेल जेवणावरून ठरत नाही, बाथरूमवरून ठरतं. जाण्यापूर्वी मी हॉटेलमालकाला फोन करतो आणि पहाटे किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारतो. एकीच्या वडिलांनी निघताना मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "परत किती वाजता?" मी वेळ सांगितली नाही, बसचं लाइव्ह लोकेशन त्यांना पाठवलं. पुढच्या फेरीला ते स्वतः आले, मुलीच्या शेजारच्या सीटवर.

आणि त्या बसमध्ये काय मिळतं ते बघायचं असेल तर फातोर्ड्याच्या पाहुण्यांच्या कोपऱ्यात उभं राहून बघा. हजारो गोवेकर, आणि एका बाजूला आपले साठ-सत्तर. कळव्याचा एक मुलगा पहिल्यांदा आला होता, बारावीतला. हाफटाइमपर्यंत घसा बसला, तर खिशातली स्टीलची पट्टी काढून समोरच्या रेलिंगवर ताल धरला. मॅच बरोबरीत सुटली. शिटी झाल्यावर आपले खेळाडू चालत आमच्या कोपऱ्याशी आले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. तो मुलगा काहीच बोलला नाही, पट्टी घट्ट धरून उभा राहिला. परतीला माझ्या मागच्या सीटवर होता. कुडाळला चहाला उतरल्यावर घोगऱ्या आवाजात विचारलं, "काका, पुढची कुठे?" त्याचं भाडं क्लबने निम्मं भरलं होतं. क्लबचा इतका चोख लागलेला पैसा मी दुसरा पाहिला नाही.

परत आल्यावर तीन दिवसांच्या आत क्लबला हिशेब पाठवा. एक पान पुरे: किती सीट, किती भरल्या, हमीतून किती लागले, कोणत्या दहा जणांना सवलत, बसमालकाची पावती, आणि स्टँडमधला एक फोटो. पैसे उरले असतील तर आकडा लिहून परत करा किंवा पुढच्या फेरीला धरा म्हणून विचारा. हमीतली एकही सीट वापरली गेली नसेल तर ते सर्वांत वर, ठळक लिहा. पुढच्या हंगामात बंगळुरूची बस मागायला जाल तेव्हा समोरचा माणूस फाइल उघडून आधी तेच पान काढेल.